पाच पायऱ्या वर गेलेला मासा

१९ एप्रिल, रविवार. हवा कोरडी. बॉयलर पावणेसातला पेटवला. हॉटेलच्या चादरी बत्तीस, उशांचे अभ्रे चाळीस. दोन अभ्र्यांवरचे आकडे पुसट झाले होते, पुन्हा घातले. अकरा वाजता नदीच्या पायऱ्यांवर नव्या माशाचा कार्यक्रम. भाषणं तीन. मासा जुन्या जागेपासून पाच पायऱ्या वर बसवला आहे. दुपारी टेप घेऊन मोजलं: एक मीटर चार सेंटिमीटर. नातीचा दात पडला, वरचा, डावीकडचा.

लाँड्रीकाकूंच्या डायरीत त्या दिवशीचं एवढंच आहे. राग शोधायला गेलात तर सापडायचा नाही. कॉन्व्हेंटमध्ये असताना वर्गाच्या सिस्टरने त्यांना पहिली डायरी दिली होती आणि बजावलं होतं, "पाहिलंस ते इथे लिही, वाटलं ते देवाला सांग." काकू अजून तसंच करत होत्या. त्या एप्रिलमध्ये देवाला बरंच ऐकावं लागलं.

नदीकाठच्या खालच्या गल्लीत अकरा घरं. त्यांतलं तिसरं काकूंचं. खाली लाँड्री, वर बिऱ्हाड. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली, धंदा आता मुलगा बघायचा. मोठी मशिनं आली, वाफेची इस्त्री आली, पण दाराजवळचं उंच टेबल काकूंनी सोडलं नव्हतं. आलेल्या प्रत्येक कपड्यावर, कॉलरच्या आत नाहीतर काठाला, न धुतल्या जाणाऱ्या शाईने गिऱ्हाइकाचा आकडा घालायचा हे काम त्यांचं. सेहेचाळीस वर्षं. मुलगा म्हणायचा, "आई, आता चिकटवायच्या पट्ट्या मिळतात." काकू म्हणायच्या, "पट्टी निघते. निघाली की लोकांचे शर्ट एकमेकांच्या अंगावर जातात."

त्या लग्न होऊन या घरात आल्या तेव्हा इंग्रजी फाडफाड बोलायच्या आणि धुण्याचा सोडा कुठला, खाण्याचा कुठला हे त्यांना कळत नव्हतं. सासूबाईंनी आठव्या दिवशी त्यांना नदीच्या पायऱ्यांवर नेलं. बाजूच्या भिंतीत एक दगड होता, त्यावर हातभर लांबीचा मासा कोरलेला, उभा, शेपटी खाली आणि तोंड वर.

"हा आपला मासा," सासूबाई म्हणाल्या. "शेपटी भिजली की कपडे वरच्या रस्त्याला न्यायचे. पोट भिजलं की म्हातारी माणसं आणि पोरं. डोळा भिजला की सगळ्यांनी निघायचं, चुलीवर दूध असलं तरी."

नव्या सुनेला हसू आलं. "मासा सांगणार आणि आपण ऐकणार?"

"मासा नाही सांगत. ज्यांनी कोरला ते सांगतात. ती माणसं मेली, म्हणून त्यांचं म्हणणं मेलं नाही."

गोष्ट साधी होती. गल्लीतून वर जायला एकच वाट, आणि तिच्या तोंडाशी नाल्यावरचा ठेंगणा पूल. नदी चढली की नाल्याचं पाणी उलटं फिरायचं आणि आधी तो पूल गिळायचं. घरं तेव्हा खडखडीत कोरडी असायची. माणूस उंबऱ्यात बसून म्हणायचा, पाणी कुठे आहे? आणि तोवर मागची वाट गेलेली असायची. घरात पाणी शिरायला पुढे तीन-चार तास लागायचे. पण तेव्हा जायचं कुठे? म्हणून मासा एवढा खाली कोरलेला होता. पूर किती मोठा आहे हे तो सांगतच नव्हता. वाट किती वेळ उघडी आहे एवढंच सांगत होता.

दुसऱ्याच वर्षी काकूंचं हसू उतरलं. सकाळी शेपटी भिजली, सासूबाईंनी गाठोडी बांधली. शेजारचा रंगारी दारात उभा राहून म्हणाला, "घर कोरडं आहे, उगाच धावपळ कशाला?" त्याच्या घरातली दोन माणसं त्या संध्याकाळी पाण्यात गेली. काकूंनी त्या दिवसापासून पावसाचे चार महिने रोज सकाळी सातला पायऱ्यांवर जायला सुरुवात केली. डायरीत कपड्यांच्या आकड्यांखाली एक ओळ वाढली: पाणी शेपटीखाली सहा बोटं. पाणी शेपटीला. पाणी उतरलं.

पंचेचाळीस डायऱ्यांत ती ओळ होती. आणि हा असा मासा उचलून नेला.

नेला तोही चांगुलपणाने, हीच तर पंचाईत. वारसा खात्याची मंडळी हिवाळ्यात आली. त्यांच्यात एक वास्तुतज्ज्ञ बाई होती, मोठी गोल टोपी घालायची, म्हणून गल्लीत तिचं नाव टोपीवाली पडलं. स्वभावाने गोड. गुडघ्यावर बसून दात घासायच्या ब्रशने दगड साफ करायची. पायऱ्यांच्या फटी बुजवल्या, कठडा बांधला, शेवाळ काढलं. मासा पाण्याने झिजतोय म्हणून दगड अलगद काढून नगरभवनात काचेच्या पेटीत ठेवला. भोकात सिमेंट भरलं आणि एप्रिलमध्ये त्याची हुबेहूब प्रत वर, कठड्यापाशी बसवली. खाली पाटी लावली. फोटो काढायला झकास जागा.

सगळ्यांत खूश शिंपीदादा. काकूंच्या समोरच त्याचं दुकान. लहानपणापासून एक पाय अधू, काखेत कुबडी, आणि जिभेला मात्र कसलं व्यंग नाही. अधू पायामुळे तो दर पुराला पहिला निघायचा. शेपटीला पाणी लागलं की शिवणयंत्राचं डोकं पोत्यात आणि दादा पुलापलीकडे. गल्लीत माशावर त्याच्याएवढा विश्वास कुणाचा नव्हता.

"आता बसल्या जागेवरून दिसतो बघा," त्याने सुईत दोरा ओवता ओवता सांगितलं. "पूर्वी पायऱ्या उतरून जावं लागायचं, माझ्या कुबडीचं रबर झिजायचं."

"दादा, तो पाच पायऱ्या वर आहे."

"मासा तोच आहे ना?"

"मासा तोच. जागा तीच नाही."

"काकू, तुम्ही शर्टाचा आकडा कॉलरला घाला नाहीतर काठाला, शर्ट त्याच माणसाचा ना?"

काकूंनी त्याच्या कुबडीकडे पाहिलं. या माणसाला वाटेवर दहा मिनिटांच्या जागी अर्धा तास लागतो. वरच्या माशाची शेपटी भिजेल तेव्हा पूल बुडून दीड-दोन तास झालेले असतील. हा इथे मशिनीशी बसून राहील, त्या दगडाकडे बघत, कोरडाय कोरडाय म्हणत. एप्रिलपासून काकूंच्या डोळ्यांपुढे हेच चित्र होतं.

त्या खात्याच्या कचेरीत गेल्या. लाँड्रीच्या पिशवीत अकरा डायऱ्या घेतल्या होत्या, ज्या वर्षी पूल बुडाला त्या वर्षांच्या.

टोपीवाली उठून उभी राहिली. कचेरीत ती टोपी घालत नसे. "काकू, बसा ना. पाणी घेणार?"

"पाण्याचंच बोलायला आले आहे."

सगळं नीट ऐकून घेतलं तिने. मग म्हणाली, "काकू, आम्ही जागा मनाने नाही ठरवली. जुने कागद पाहिले. सर्वांत मोठ्या पुराचं पाणी बरोबर तिथवर आलं होतं. अशा खुणा पुराची उंची दाखवायलाच कोरतात. मूळ मासा खाली कसा, हेच कोडं होतं. कुणीतरी कधीतरी दुरुस्तीत दगड खाली लावला असणार, असं आमचं मत पडलं."

"म्हणजे तुम्ही त्याची चूक सुधारलीत."

"एका अर्थी."

"त्याची चूक नव्हती. तो वाटेचा मासा आहे, पुराचा नाही." काकूंनी डायरी उघडली. "हे बघा. पाणी डोळ्याला सव्वानऊ वाजता, पूल बंद सव्वादहाला. हे दुसरं वर्ष. डोळ्याला दुपारी दोन, पूल तीनला. अकरा वेळा. एक तास, पाच-दहा मिनिटं इकडे तिकडे."

टोपीवालीने पानं उलटली. अक्षराचं कौतुक केलं. "किती सुंदर लिहिलंय. हे आपल्या प्रदर्शनात ठेवता येईल. पण काकू, मासा हलवायचा तर वरून मंजुरी लागेल, आणि त्यांना लेखी आधार लागतो."

"हे लेखीच आहे."

"ही वैयक्तिक नोंद झाली."

"हो. मी व्यक्तीच आहे."

तिथून काकू पूरनियंत्रणाच्या कचेरीत गेल्या. तिथल्या चष्मेवाल्या साहेबांनी फाइलवरून मान न उचलता सांगितलं, "माशाचा विषय आमच्याकडे नाही. तो वारसा खात्याचा."

"पाण्याचा आहे?"

"पाण्याचा आहे. मोठ्या पुलावर पाणी मोजायची पट्टी आहे. पाणी धोक्याच्या रेषेला आलं की तुमच्या मोबाइलवर मेसेज येतो."

"तुमच्या रेषेला पाणी येतं तेव्हा आमचा नाल्यावरचा पूल दीड-दोन तास आधीच बुडालेला असतो."

"मग तुम्ही दोन तास आधी निघत जा."

"कशावरून?"

साहेबांनी आता मान उचलली. जरा विचार केला. "अंदाजाने," ते म्हणाले.

मे महिन्यात तीन अर्ज झाले. मराठीत दोन, इंग्रजीत एक, प्रत्येकासोबत मापांचा तक्ता. उत्तर एकाचं आलं: आपल्या भावनांची नोंद घेण्यात आली आहे. काकूंनी ते दोनदा वाचलं. "मी मापं पाठवली होती," त्या सुनेला म्हणाल्या, "यांनी भावना ठेवून घेतल्या."

सून चादरीच्या घड्या घालत होती. "आई, रागावू नका, पण नगरभवनाच्या पडद्यांचं काम आपल्याला मिळालंय. हे म्हणत होते, आईला जरा सबुरीने घ्यायला सांग."

"त्याला स्वतःला तोंड नाही?"

"आहे. तुमच्यासमोर उघडत नाही."

जूनमध्ये आठवडाभर कडक ऊन पडलं. काकू पोटमाळ्यावर चढल्या आणि सासूबाईंच्या वेळच्या शाईची बाटली खाली आणली. आताच्या शाईपेक्षा ती वेगळी. लावताना पाण्यासारखी फिकी, पाहणाऱ्याला वाटावं ओला बोळा फिरवला. पण ऊन लागलं की हळूहळू काळी पडते आणि मग सोड्याला दाद देत नाही, ब्लीचला देत नाही. कपडा फाटेल, आकडा राहील. काकूंनी लहान ब्रश घेतला, टेप घेतली आणि सकाळी आठ वाजता पायऱ्या उतरल्या. भोक बुजवलेल्या सिमेंटच्या चौकोनात, जुन्या मापाने, त्यांनी एक उभा मासा काढला. चित्रकला शाळेत कच्चीच होती. शेपटी वाकडी झाली. डोळा मात्र त्यांनी दोनदा मोजून घातला.

खात्याने पायऱ्यांवर नेमलेला पहारेकरी वरून म्हणाला, "काकू, काय करताय?"

"धूळ पुसतेय."

"राहू द्या, सफाईवाला येईल."

"आलाय कधी?"

तो हसून विडी ओढायला गेला. डायरीत त्या दिवशी आहे: पहारेकऱ्याशी खोटं बोलले. एकदा.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मासा काळाकुळकुळीत झाला आणि गल्लीभर बातमी. मुलं बघायला धावली. पहारेकरी बिचारा आला, हात जोडून म्हणाला, "माझी नोकरी घ्याल तुम्ही." तिसऱ्या दिवशी खात्याची माणसं रसायन घेऊन आली. दोन तास घासलं. शाई हलली नाही. मग त्यांनी त्यावर राखाडी रंगाचे दोन हात मारले. संरक्षित वास्तू विद्रूप केल्याबद्दल काकूंना समजपत्र आलं. पुन्हा असं केल्यास कारवाई होईल, असं त्यात होतं.

मुलाचं तोंड त्या दिवशी उघडलं. "आई, सगळ्या गल्लीत नाक कापलं गेलं. सेहेचाळीस वर्षं लोकांच्या कपड्यांवर एक डाग पडू दिला नाहीस, आणि आता भिंतीवर?"

"डाग नव्हता तो. आकडा होता."

"तुझं बोलणं म्हणजे मला कळतच नाही."

"तुझ्या आजीचं मलाही कळत नव्हतं."

शिंपीदादाने चहा पाजला, तोही टोमण्यासकट. "काकू, या वयात चित्रकला? मला सांगितलं असतं तर खडूने आखून दिलं असतं. माझ्याकडे वाकडं काही निघत नाही, पाय सोडून."

"दादा, पाणी आलं की त्या राखाडी चौकोनाकडे बघायचं. वर नाही. एवढं एक माझं ऐका."

"सरकारने लाख खर्चून बसवलेला मासा सोडून मी सिमेंटच्या ठिगळाकडे बघू?"

पालथ्या घड्यावर पाणी. काकू चहा अर्धा टाकून उठल्या.

२२ ऑगस्ट, शनिवार. डोंगरात तीन दिवस पाऊस होता, गावात नुसती भुरभुर. सकाळी सातला पाणी राखाडी चौकोनाच्या खालच्या कडेशी, म्हणजे शेपटीला. काकूंनी हॉटेलच्या चादरी, नगरभवनाचे पडदे, सगळं हातगाडीवर चढवायला लावलं. मुलाने कुरकुर केली, पण पडदे नगरभवनाचे होते म्हणून जलद चढवले. साडेनऊला चौकोन अर्धा बुडाला. सून आणि नात पुलापलीकडे गेल्या, वरच्या रस्त्याला सुनेच्या मावशीकडे. पावणेअकराला काकू पुन्हा पायऱ्यांवर गेल्या. राखाडी रंगाखाली डोळा कुठे आहे हे त्यांना बोटाने सांगता आलं असतं. तिथे पाणी होतं.

काकू दारोदार फिरल्या. जुन्या घरांतली माणसं निघाली, थोडी काकूंवर विश्वास ठेवून, थोडी त्यांच्या तोंडाला कंटाळून. दोन नवे भाडेकरू मोबाइल पुढे करून म्हणाले, "आजी, मेसेज आलेला नाही." त्यांच्याशी वाद घालायला वेळ नव्हता.

शिंपीदादा मशिनीवर होता. कुणाच्यातरी लग्नाचा कोट. खिडकीतून वरचा मासा दिसत होता, धुतल्यासारखा कोरडा.

"निघा," काकू म्हणाल्या.

"बाह्या लावून होऊ देत. शेपटीसुद्धा ओली नाही त्याची."

"दादा, डोळा बुडाला. तास राहिलाय, त्यातला अर्धा तुमच्या पायाला."

"काकू, मी चाळीस वर्षं माशाचं ऐकतोय. तुमचं आजच ऐकू?"

"मी माशाचंच सांगतेय."

"मासा तिथे आहे," त्याने कात्रीने वर दाखवलं आणि पुन्हा खाली मान घातली.

समजावण्यात पंधरा मिनिटं गेली. काकू गोडीने बोलल्या, मग कडक बोलल्या, रंगाऱ्याच्या घराची आठवण दिली. तो म्हणाला, "रंगाऱ्याने माशाचं ऐकलं नाही. मी ऐकतोय." आता यावर काय बोलणार? माणूस बरोबर वाटेने चालला होता, वाटाड्याच चुकीच्या जागी उभा होता.

दादा इस्त्रीचा कोळसा हलवायला वळला. काकू वाकल्या, मशिनीच्या पोटात बोटं घातली आणि बॉबिनची डबी काढून घेतली. खालचा दोरा जिच्यातून येतो ती बोटभर डबी. नसली तर मशीन म्हणजे नुसतं लोखंड, आणि दादाची तर त्याच्या वडिलांच्या मशिनीची, आता कुठे न मिळणारी. ती त्यांनी मुठीत धरली आणि चालू लागल्या.

"काकू. ओ काकू. ठेवा ती."

"वर या, देते."

"अहो, वयाचा मान ठेवतोय मी."

"पुलापलीकडे ठेवा."

दादा कुबडी टेकत बाहेर आला. शिव्या देता येईनात म्हणून तो लाँड्रीबद्दल बोलू लागला. त्याचा निळा शर्ट दोन वर्षांपूर्वी कसा आकसला, पांढऱ्यावर पिवळा डाग कसा राहिला, कॉलर कशी कडक झाली, हे सगळं त्याने अख्ख्या गल्लीला ऐकवलं. काकू दहा पावलं पुढे, मूठ वर धरून, मागे न बघता. पुलावर पाणी घोट्याएवढं होतं. ते पाहून त्याचा आवाज बंद झाला. मग मागून फक्त कुबडीचा आवाज येत राहिला, पाण्यात, सावकाश. मधोमध तो थांबला. काकू परत गेल्या, त्याच्या दंडाला धरलं. मुलगा पाच मिनिटांनी शेवटची गाडी घेऊन आला तेव्हा पाणी त्याच्या गुडघ्याला लागलं.

पूल अकरा पन्नासला बंद झाला. मोबाइलवरचा मेसेज एक वाजून वीस मिनिटांनी आला. वरातीमागून घोडं. वरच्या माशाची शेपटी दीडला भिजली. शिंप्याच्या दुकानात चार वाजता टेबलाएवढं पाणी होतं. दोन्ही भाडेकरू कुटुंबं वरच्या मजल्यावर अडकली. दुसऱ्या दिवशी होडीने काढली, उपाशी पण धडधाकट.

हे सगळं वेळेसकट डायरीत आहे. वर्तमानपत्रात आलं ते वेगळं. 'पूर्वजांच्या खुणेने गल्ली वाचवली' असा मथळा, आणि फोटोत वरचा मासा, शेजारी कुबडीवर शिंपीदादा. त्याने सांगितलं होतं, "आमचा मासा आम्हाला नेहमीच वाचवतो." टोपीवालीचंही म्हणणं होतं: वारसा जपला तर माणसं जपली जातात, याचं हे जिवंत उदाहरण.

काकूंनी पेपरची घडी घातली, पुन्हा उलगडली. वाक्यात खोट काढायला जागा नव्हती. शब्दन् शब्द खरा होता आणि सगळा मिळून खोटा.

त्या रस्ता ओलांडून समोर गेल्या. दादा मशिनीतला चिखल काढत होता.

"माशाने वाचवलं का तुम्हाला?"

"मग काय सांगू? एका म्हातारीने माझी बॉबिनची डबी चोरली असं? पेपरवाला हसला असता."

"हसू दे की. आता तो मासा तिथून कोण हलवणार? जाहिरात केलीत तुम्ही त्याची."

दादाने मान वर केली नाही. दाताच्या ब्रशने चाकं घासू लागला. "माझ्या लक्षात नाही आलं," तो म्हणाला. ही त्याच्या तोंडून आलेली माफी, आणि तीही चाकाला सांगितल्यासारखी.

काकूंनी चौथा अर्ज केला. आता वेळांचा तक्ताही जोडला, पूल, मेसेज, वरची शेपटी, सगळं. टोपीवालीचा स्वतः फोन आला. ती खरंच विचारात पडली होती, आवाजावरून कळत होतं. "काकू, मला पटतंय थोडं. मी वर लिहिलं होतं. पण आता बातमीमुळे तीच जागा कायम करायचा निर्णय झालाय. पुढच्या वर्षी फेरविचाराला घेऊ."

"पाणी पुढच्या वर्षीही जूनमध्येच येतं," काकू म्हणाल्या. "तुमचा फेरविचार कधी येतो?"

त्यांनी फोन ठेवला आणि टेबलावरचा पुढचा अभ्रा ओढला.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात ऊन तापलं. काकूंनी बाटली काढली. तळाशी जेमतेम होती. सकाळी आठला पायऱ्यांवर गेल्या, चाकूने राखाडी रंग खरवडला. खालचा काळा मासा जागेवर होता, वाकड्या शेपटीचा. फक्त डोळ्याजवळ जरा उडाला होता. त्यांनी ब्रश बुडवला.

वर कुबडी वाजली. शिंपीदादा एक एक पायरी उतरत आला, इतक्या पायऱ्या तो विनाकारण उतरत नसे, आणि काकूंच्या पाठीशी, पहारेकऱ्याला त्या दिसणार नाहीत असा, आडवा उभा राहिला. खांद्यावर अर्धवट शिवलेला एक लांबरुंद कोट टाकला होता.

"इथे काय?" काकूंनी विचारलं.

"पाय दुखतोय. जरा टेकलोय." थोड्या वेळाने म्हणाला, "शेपटी सरळ करा. लोक मला नावं ठेवतील, शिंप्याने बघितलं आणि बोलला नाही."

"शेपटी राहू दे. शाई डोळ्यापुरतीच आहे."

त्याने खिशातून शिंप्याची टेप काढली आणि न विचारता एक टोक काकूंच्या हातात दिलं. दोघांनी मिळून माप धरलं.

पहारेकऱ्याने वरून पाहिलं. या वेळी त्याने विडी पेटवली आणि तोंड दुसरीकडे फिरवलं. राखाडी रंगाचा डबा खात्याच्या खोलीत आहेच, हे काकूंना ठाऊक होतं. फार तर आठवडा टिकेल.

त्या संध्याकाळी त्यांनी डायरी उघडली. हॉटेलच्या चादरी तीस, अभ्रे छत्तीस, शिंप्याचा निळा शर्ट एक, आकसलेला नाही. त्याखाली लिहिलं: जुनी शाई संपली. दुकानदाराला चार बाटल्या सांगितल्या, उन्हात काळी पडणारीच पाहिजे म्हणून.